पूड बदलली की अंघोळ

काचबाईला अंघोळ जिवावर येऊ लागली ती भिंगांचा कारखाना बंद पडल्यापासून. त्याआधी तिच्या अंघोळीवर कोणी बोट ठेवलं नसतं. उलट दिवसातून दोनदोनदा न्हाणारी बाई म्हणून शेजारीपाजारी तिची चेष्टा व्हायची. आता सकाळी वहिनी गिझर लावायची, बादली भरायची, हाक मारायची, आणि काचबाई "हो, आलेच" म्हणून कूस बदलायची. पाणी निवायचं. मग त्याच पाण्यात वहिनी पायपुसणी भिजवायची.

"आज पण अंघोळीची गोळी घेतलीस वाटतं," वहिनी म्हणायची.

"उद्या डोक्यावरून करते, वहिनी."

"कालचा उद्या आजच होता."

वहिनी म्हणजे काचबाईच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात बहुतेक वेळ तिघंच. वहिनी, काचबाई आणि अण्णा. अण्णा म्हणजे काचबाईचे वडील, बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. काचबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कारखान्यात पडलेलं नाव घरी आलं आणि घरचंच होऊन बसलं.

आळशी म्हणावं तर ती तशी नव्हती. स्वयंपाक करायची, अण्णांना बाहेर फिरवून आणायची. घोडं पेंड खायचं ते न्हाणीघराच्या दारात. कपडे काढायचे, अंग भिजवायचं, पुसायचं, पुन्हा कपडे घालायचे, आणि एवढं करून उद्या परत तेच. कशासाठी? हा प्रश्न ज्याला एकदा पडला त्याची अंघोळ बोंबललीच म्हणून समजा. आपल्यातल्या बहुतेकांना तो पडत नाही, हे आपलं नशीब.

काचबाईला आजवर तो पडला नव्हता, कारण कारखान्यात उत्तर आधीच दिलेलं होतं. काच घासायची ती पूड टाकून. आधी मिठासारखी जाड पूड, मग पिठासारखी, मग अंगाला लावायच्या पावडरीहून मऊ. प्रत्येक पूड आधीच्या पुडीचे ओरखडे मिटवत जाते. पण जाड पुडीचा एक कण जरी मागे राहिला, नखात, भुवईत, कानामागे, आणि तो मऊ पुडीच्या वेळी काचेवर पडला, तर सगळं काम मातीत. म्हणून तिला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम होता, पूड बदलली की अंघोळ. कारखान्याच्या मागेच न्हाणीघर होतं. डोक्यावरून पाणी घ्यायचं, कपडे बदलायचे, मगच नव्या पुडीला हात लावायचा. वीस-बावीस वर्षं काचबाई काचेसाठी न्हाली. काच गेली, तेव्हा अंघोळीचं कारणच गेलं. माणूस स्वतःसाठी न्हातो, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

कारखाना मोडताना उस्तादांनी तिला ताटलीएवढ्या दोन जाडजूड गोल काचा दिल्या होत्या. त्या पलंगाखाली फडक्यात पडून होत्या.

त्या बाहेर निघाल्या अण्णांच्या डोळ्यांमुळे. उजवा डोळा गेलेलाच होता. आता डाव्यातही मधोमध धुरकट डाग आला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हा डाग पसरणार. किती दिवसांत ते सांगता येत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या.

घरी येताना अण्णा रिक्षातून मान बाहेर काढून आभाळाकडे बघत होते. मग म्हणाले, "शनी बघायचा राहिला."

"साडेसाती स्वतःहून घरी बोलावणारे तुम्ही पहिलेच," वहिनी म्हणाली.

गोष्ट जुनी होती. अण्णांच्या संध्याकाळच्या फेरीत एक मास्तर रोज बसायचे. एकदा डेपोवरच्या आभाळात बोट दाखवून म्हणाले, तो पिवळट ठिपका म्हणजे शनी, त्याला कडं आहे. अण्णा म्हणाले होते, कडं असो नाहीतर बांगडी, आधी तिकीट घ्या. मास्तरांनी तिकीट घेतलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. अण्णांच्या मनात मात्र तो राहून गेला. नोकरीभर रोज संध्याकाळी त्यांनी तो ठिपका शोधला, आणि जेव्हा सापडला तेव्हा तो त्यांना नुसताच ठिपका दिसला.

त्याच दिवशी काचबाईने पलंगाखालच्या काचा काढल्या. दुर्बिणीचा आरसा ती घडवू शकत होती. अण्णांचा डोळा तेवढा वेळ टिकायला हवा होता.

आता ही काच घासण्याची गोष्ट खरोखर अचंब्याची आहे. दोन सपाट काचा घ्यायच्या, एकीवर दुसरी, मधे पूड आणि पाणी. वरची मागेपुढे सरकवायची, थोडी फिरवायची, पुन्हा सरकवायची. बस. साचा नाही, यंत्र नाही. नुसतं असं करत राहिलं की वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगते. काचबाईने हे हजार वेळा पाहिलं होतं. तरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती काच जेव्हा पहिल्यांदा किंचित खोल झाली आणि तिच्यात पाण्याचा थेंब मधोमध जाऊन बसला, तेव्हा तिचे हात थांबले. वहिनीही पोळपाट बाजूला ठेवून बघत राहिली.

जाड पुडीचं काम झालं. पूड बदलायची वेळ आली. आणि काचबाईने चालढकल केली. थंडी होती, अंग मोडून आलं होतं, आणि मनाला फसवण्यात आपण सगळेच पटाईत असतो. तिने कोपरापर्यंत हात घासले, नखं ब्रशने खरवडली, ओटा तीनतीनदा धुतला आणि बारीक पूड टाकली. एकदा जमलं. पुढच्या बदलालाही तिने तसंच काकस्नान उरकलं. सगळ्यात मऊ पूड टाकून ती कामाला लागली. काच रेशमासारखी फिरत होती. तिने मान वाकवून जवळून पाहिलं, कपाळावरची बट मागे सारली, आणि पुढच्याच फेऱ्याला आवाज आला.

खर्र.

बारीकसा आवाज. शेजारी बसलेल्या वहिनीलाही तो ऐकू आला नाही. काचबाईच्या कानांनी मात्र तो टिपला. तिने काच उचलून दिव्यासमोर धरली. या कडेपासून त्या कडेपर्यंत एक ओरखडा होता. तिच्याच केसांतून पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणाने तो ओढला होता. आता पुन्हा मागच्या पुडीवर जायचं, मग तिच्याही मागच्या. कित्येक दिवसांचं काम पाण्यात.

तिकडे बाहेरच्या खोलीत अण्णा हाताने चाचपडत चहाचा कप शोधत होते. मागच्या आठवड्यात ते चाचपडत नव्हते. काचबाईला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

वहिनीने काच पाहिली. उठली, गिझर लावला, बादली भरली आणि टॉवेल दाराला अडकवला. जाता जाता म्हणाली, "काचेसाठी कर. स्वतःसाठी नको करूस."

काचबाई आत गेली. पहिला तांब्या डोक्यावर ओतला तेव्हा तिचा श्वास अडकला. दुसऱ्याला खांदे खाली आले. तिसऱ्यानंतर ती थांबून खाली बघू लागली. पांढऱ्या फरशीवरून राखाडी पाणी मोरीकडे चाललं होतं, आणि त्यात काहीतरी चमकत होतं. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ते कण एक एक करून लखलखायचे आणि मोरीत जायचे. केसांतून, कानामागून, पाठीवरून निघतच होते. एवढं सगळं आपण अंगावर घेऊन हिंडत होतो आणि आपल्याला कळलंही नाही, याचं तिला नवल वाटलं. पाणी नितळ यायला लागलं तरी ती तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. बादली संपली तेव्हा तिने आतूनच आणखी पाणी मागितलं. अंघोळ करून पस्तावलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही, पण हे सुख माणूस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत साफ विसरतो, ही खरी गंमत आहे.

काचबाईला विसरायची सोय नव्हती. ती मागच्या पुडीवर गेली आणि पुन्हा पुढे आली. प्रत्येक बदलाला अंघोळ. वहिनीची रोजची हाकही बदलली. "आज कोणती पूड?" एवढंच ती विचारायची आणि उत्तर ऐकून गिझर लावायची. मऊ पूड झाली, मग राळेच्या मऊ थरावर घासून काच चकाकवली. दुधी काच हळूहळू स्वच्छ होत गेली, आणि एके दिवशी तिच्यात खिडकी दिसली, उलटी, पण कण न् कण. आरसेवाल्याने चांदीचा मुलामा चढवला. वहिनीने गालिचेवाल्याकडून पुठ्ठ्याची जाड नळी मिळवली. डोळा लावायचं भिंग कारखान्यातलंच एक जुनं होतं.

संध्याकाळ ठरली. आभाळ स्वच्छ होतं. गच्चीवर दुर्बीण लावून काचबाई खाली आली. शनी मावळतीकडे उतरलेला होता आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी त्याला झाकणार होती. आत्ता चढलं तर भरपूर वेळ होता.

"चला, अण्णा."

अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. "मला आधी अंघोळ करायचीय," ते म्हणाले.

"आत्ता? आल्यावर करा की."

"एवढ्या लांबच्या पाहुण्याला असं पारोसं भेटायचं?"

तेव्हा काचबाईला कळलं. डोळा अधू झाल्यापासून अण्णा न्हाणीघरात नुसतं अंग पुसून बाहेर येत होते. ओल्या फरशीची त्यांना भीती वाटायची आणि ते कोणाला सांगायचे नाहीत. घरात दोन माणसं अंघोळ टाळत होती आणि बोलणी एकटी काचबाई खात होती.

तिने फरशीवर रबरी चटई घातली, स्टूल ठेवलं आणि अण्णांचा हात धरून त्यांना बसवलं. दार लोटून बाहेर उंबऱ्याशी बसली. आत पहिल्या तांब्याचा आवाज आला आणि अण्णांचं "अगं आई गं."

"गरम आहे का?"

"छान आहे. बोलू नकोस, पडेन मी."

मग आतून अण्णांचा जुना आवाज येऊ लागला. फेरीवरचा. "पुढे सरका, पुढे सरका. मधे उभं राहू नका." प्रत्येक तांब्याला ते स्वतःलाच पुढे सरकवत होते. काचबाई मधेच उठून खिडकीतून टाकीकडे बघायची आणि पुन्हा येऊन बसायची. तिचा जीव टांगणीला लागला होता. पण घाई करा असं म्हणायला तिचं तोंड उघडलं नाही. अण्णांनी साबण दोनदा लावला. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट मागितला. बटणं स्वतः लावायचा हट्ट धरला. मग जिने, एकेक पायरी, वहिनी एका बाजूला, काचबाई दुसऱ्या. वर पोचेपर्यंत तास केव्हाच उलटून गेला होता.

शनी टाकीच्या काठावर आला होता.

काचबाईने नळी सरकवून नेमली. अण्णांनी वाकून डावा डोळा लावला.

"डाग आहे," ते म्हणाले. "मधोमध डागच आहे."

"सरळ बघू नका. जरा बाजूला बघा. कडेने."

अण्णांनी मान जराशी कलती केली. मग हलेनासे झाले. इतके की वहिनीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी मागे घेत होतं.

"आहे," अण्णा म्हणाले. "कडं आहे." "कुठे टेकलेलंच नाही गं. सगळीकडून मोकळं. मास्तर खरं बोलत होते. आणि मी त्यांना तिकीट मागितलं."

काचबाईचा हात नळीवरच होता. अजून तिने स्वतः पाहिलं नव्हतं.

"अण्णा, हा जो उजेड तुमच्या डोळ्यात येतोय ना, तो आत्ताचा नाही," ती म्हणाली. "तिथून इथे यायला त्याला तासाहून जास्त वेळ लागतो. उस्ताद सांगायचे."

अण्णांनी डोळा काढला नाही. "म्हणजे मी डोक्यावर पाणी घेत होतो तेव्हा हा निघाला?"

"हो. तुम्ही साबण लावत होतात, तेव्हा हा वाटेत होता."

"वेळेवर झाली म्हणायची माझी अंघोळ," अण्णा म्हणाले, आणि टाकीने शनीला झाकेपर्यंत बघत राहिले. वहिनीला त्या दिवशी जेमतेम अर्धं कडं मिळालं. काचबाईला काहीच मिळालं नाही, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी काचबाईला नेहमीसारखीच जाग आली. आरसा फडक्यात बांधून ठेवलेला होता. घासायला काच नव्हती, बदलायला पूड नव्हती. पांघरूण ऊबदार होतं. अंघोळ जिवावर आली, अगदी पहिल्यासारखी. ती पडून राहिली. समोरच्या भिंतीवर अजून ऊन नव्हतं. उस्ताद म्हणायचे, सूर्याचा उजेड शनीसारखा वेळ घेत नाही, सूर्यापासून निघून चहा उकळेपर्यंत इथे येतो. भिंतीवर पडणारं ऊन या क्षणी वाटेत होतं. ते सरळ याच खिडकीकडे येत होतं, आत कोण आहे, उठलंय की नाही, याची चौकशी न करता.

ती उठली आणि स्वतःच गिझर लावला.

वहिनी चहाचं पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. टॉवेल खांद्यावर टाकलेल्या काचबाईकडे तिने पाहिलं.

"आज कोणती पूड?"

"पूड नाही, वहिनी," काचबाई न्हाणीघराचं दार ओढून घेत म्हणाली. "पाहुणे निघालेत."