गारगोटीची मिठी

हेमंतातली ती दुपार पांढरी होती. डोंगर पांढरा, डोंगराखालची आमराई पांढरी, पाणंदीतला निवडुंगही पांढरा. दुरून पाहणाऱ्याला धुकं वाटे. गावाला ठाऊक होतं, ही गारगोटी दळणाऱ्या गिरणीची धूळ. शुभ्र, सूक्ष्म, निःशब्द. पानापानांवर उतरलेली आणि उतरून कधीच न उठलेली.

त्या धुळीत बाबली मेस्त्रींनी एकतीस वर्षं घमेली वाहिली होती. आता ते पडवीत उशीला टेकून बसत. आडवं झालं की श्वास अडे. छातीत दगड रुजलाय, असं डॉक्टर म्हणाले होते; तो उपटता येत नाही, हे सांगताना मात्र त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं होतं.

शरयू ही त्यांची एकुलती लेक. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती त्याच दगडाच्या मागे लागली होती. केसाहून कितीतरी बारीक सुईच्या टोकावर ती गारगोटीचा एक कण चिकटवी, फुप्फुसाच्या एका जिवंत पेशीवर अलगद टेकवी आणि पुन्हा उचली. सुटताना किती ओढ लागते, तेवढंच मोजायचं. चार वर्षं तिनं ती ओढ मोजली. ताजा फुटलेला कण पेशीला कडकडून मिठी मारी. सोडवू जावं, तर पेशीची त्वचाच फाटे. पण पाण्यात फुटलेला, पाण्यातच राहिलेला कण निराळा होता. त्याची भूक निवलेली, दाह शमलेला. तो टेके, आणि मुकाट सुटे.

हे पक्कं झालं त्या सकाळी सोबत्यांनी पेढे मागवले. शरयूनं आलेखाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि गावची गाडी धरली.

बाबलींनी तो कागद दूर धरला, जवळ धरला. शरयू समजावून सांगत होती, तसं त्यातल्या चढत्या-उतरत्या रेघेवरून बोट फिरवलं.

"गो शरयू," दोन श्वासांच्या फटीतून शब्द आले, "माज्या छातयेतली गारगोटी सुटात मगे?"

खोटं बोलणं सोपं होतं. ऊन पायरीवर थबकलं होतं. जणू तेही उत्तराची वाट पाहत होतं.

"नाय, बाबा. ती आता सुटाची नाय."

त्यांची छाती वाजत होती. रिकाम्या शिंपल्यात वारा वाजावा तशी.

"मगे ह्या कोणासाठी?"

"जेंच्या छातयेत अजून गेली नाय, तेंच्यासाठी."

"मगे हय कित्याक बसलंस? गिरणीची पाळी सुटाच्या आधी जा. पारूक सांग. बाकीची तिचा आयकतत."

पारू म्हणजे गिरणीतल्या बायकांची म्होरकी, साऱ्यांसारखीच धुळीनं केस-भुवया पांढऱ्या झालेली. शरयूनं तिला गिरणीच्या दाराशीच गाठलं. जे चार वर्षांत उमगलं होतं, ते चार वाक्यांत सांगितलं. दगड ओला करून फोडा. कोरडा फोडू नका.

"ओला माल चाळणीतून उतरत नाय," मुकादम गुरगुरला आणि पाठ फिरवून गेला.

पारूनं त्याच्या पाठीकडे पाहिलं, शरयूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती विहिरीकडे चालू लागली. तिच्यामागे एक, एकीमागे दुसरी. कळशीमागून कळशी दगडांच्या राशीवर रिती झाली. यंत्राचा जबडा मिटला, दगड फुटला, आणि रोज उठणारा तो शुभ्र, सैरभैर लोट त्या संध्याकाळी उठला नाही.

पौष सरता सरता बाबली मेस्त्री गेले. भर दुपारी, बसल्या बसल्या, उशीला टेकूनच.

शरयू रडली नाही. तिनं त्यांच्या छातीवर तळहात ठेवला, आणि तो उचलणं तिला जमेना.

इतक्यात अंगणात पावलं वाजली. पाळी अर्धी टाकून बायका आल्या होत्या. त्यांचे केस काळे होते, भुवया काळ्या होत्या. लुगडी मात्र गुडघ्यांपर्यंत चिंब. त्या एका ओळीत उभ्या राहिल्या, अधोवदन. त्यांच्या लुगड्यांच्या काठांतून पाणी निथळत राहिलं. सारवलेल्या जमिनीवर, थेंब थेंब, थेंब थेंब.