चार तासांचा सॉसेज-पाव

मार्चमधल्या तापात माझ्या नवऱ्याला वास येणं बंद झालं. एखाद्या कारकुनाचं असं झालं असतं तर त्याच्या साहेबालाही पत्ता लागला नसता. पण अभिजीत हॉटेलात स्वयंपाक करतो. आमच्या घरात शिजतं अन्न चाखायची रीत नाही, उष्टं होतं. त्यामुळे लहानपणापासून तो सगळं नाकावरच करत आला. तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, "येईल हळूहळू." हॉटेलमालक म्हणतो, "आराम कर." दोघांचाही अर्थ मला एकच वाटतो.

माझे सासरे बाबनराव यांनी मग ओळखीच्या दादाजींकडून कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची जागा ठरवली. सोमवारी हजर व्हायचं. "ज्याले वासच येत नाही, त्यानं चुलीपाशी काहून बसावं?" असं ते म्हणाले. बोलणं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

अभिजीतने एवढंच मागितलं. "बाबा, रविवारी मी सॉसेज-पाव करतो. तुम्ही खा. बिघडला, त सोमवारी कळमेश्वर."

"बरं," बाबा म्हणाले.

हा पदार्थ त्याचा स्वतःचा. कोंबडीचे सॉसेज तव्यावर लालसर करायचे, सावजी मसाल्याच्या दाट रश्श्यात मंद आचेवर ठेवायचे आणि लांब पावात भरून वरून रस्सा ओतायचा. सगळं धरून चार तास. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खो खो हसले होते. एक खाल्ला आणि दुसऱ्यासाठी ताट पुढे केलं.

रविवारी सकाळी त्याने मला बजावलं, "भारती, वास कसा येऊन राहिला ते मले सांगायचं नाही. एक शब्द नाही वं."

"अन् जळून राहिलं त?"

"जळू दे."

मी आणि गप्प! माझ्या आईला कळलं असतं तर तिने देवापुढे साखर ठेवली असती.

कांदा परतताना तो रंग बघत होता. खोबऱ्याचा कीस बोटांत मोडून बघत होता. खसखशीचा तडतडाट जरा मंदावला की लगेच तवा खाली. इतवारीच्या बाजारातून आणलेलं दगडफूल टाकल्यावर तो ओठांतल्या ओठांत आकडे मोजायला लागला. इतकी वर्षं मी समजत होते, याची सगळी करामत नाकात आहे. छे! हा माणूस सगळ्या अंगाने स्वयंपाक करत होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि मी नवऱ्याकडे नव्या नवरीसारखी बघत बसले.

मग जाड बुडाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रस्सा, त्यात सॉसेज, वर झाकण. आच इतकी बारीक की मी दोनदा वाकून खात्री केली. अभिजीतने स्टूल ओढलं आणि गंजाकडे कान करून बसला. शेजारची प्रीती भिशीचं सांगायला येऊन गेली, तरी हा हलला नाही. बाबा चाळीस वर्षं मागावर कापड विणत बसले. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा आवाज बदलला की धागा तुटायच्या आधीच त्यांचा हात थांबायचा. हा लेक त्यांचाच, हे मला त्या स्टुलावर दिसलं.

तिसरा तास संपत आला आणि मला वास आला. रस्सा दाट व्हावा म्हणून घातलेलं ज्वारीचं पीठ तळाला धरत होतं. अगदी थोडा, कडवट वास. बोलले तर त्याने स्वतःच ठरवलेली परीक्षा मीच मोडणार, नाही बोलले तर तो उद्यापासून खिळे-नट मोजणार. शेवटी राहवेना. मी तोंड उघडलंच.

"चूप," अभिजीत उठत म्हणाला. "आवाज जड झाला."

त्याने गॅस बंद केला, गंज फडक्यात धरला आणि वरचा रस्सा सॉसेजसकट अलगद दुसऱ्या भांड्यात ओतला. तळाला चमचा लागू दिला नाही. मग भांड्याखाली तवा, पुन्हा तीच आच, पुन्हा स्टूल. मी ओढणीने डोळे पुसले. कांद्याचं निमित्त सांगायला जवळ कांदाही नव्हता.

एक वाजता बाबा जेवायला बसले. पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला.

"मघाशी लागल्याचा वास आला होता मले," ते म्हणाले. "बाहेरच्या खोलीपर्यंत. मी समजलो, गेलं सगळं. पण याच्यात त काहीच नाही. सूनबाई, तू सांगतलं?"

"देवाशप्पत नाही, बाबा! मी बोलायच्या आत हे उठले."

"मले ऐकू आलं," अभिजीत म्हणाला.

बाबांनी लेकाकडे नीट बघितलं. तो पाव संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. हात धुतले आणि फोन लावला.

"दादाजी, उद्या पोरगा येत नाही गा."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"तब्येत चांगली हाये त्याची. अगा, आचारी हाये माया पोरगा. स्टोअरमधी काहून बसवू त्याले?"

आजवर बाबा लोकांना "पोरगा हॉटेलात असते" एवढंच सांगत आले होते. अभिजीत तेव्हा ओट्यापाशी माझा पाव भरत होता. त्याच्या हातून निम्मा रस्सा ओट्यावर सांडला.