रंगाखालची झडप

शपथेवर सांगते, यात एक अक्षरही खोटं नाही. एक जागा सोडून. ती शेवटी सांगेन.

मी समोरच्या दाराची डावी झडप बोलतेय. दार दोन झडपांचं, पण कधीतरी कुणी मला खिळे मारून बंद केलं आणि वरून रंग फासला. पुढे प्रत्येक रंगाऱ्याने आणखी एक हात मारला. फटी बुजल्या, बिजागऱ्या बुडाल्या. घरचे मला भिंतच समजू लागले. सुनेने तर माझ्यावर छत्र्या टांगल्या. मी आतल्या आत नुसती वळवळायची.

आमची गल्ली जतन विभागात मोडते. म्हणजे घर तुमचं, पण रस्त्यावरून दिसणारी बाजू सगळ्यांची. खिडकीचा रंग बदलायलाही परवानगी लागते. त्या खात्याच्या साहेबांना गल्लीने नाव ठेवलंय, ‘जैसे थे’.

घरचे दादा घड्याळं दुरुस्त करायचे. अर्धांगवायूने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. उजव्या झडपेतून खुर्ची जाईना, मागच्या दाराला पायऱ्या. दादा लेकीकडे राहिले आणि तिथून मुलाला बजावलं, “मला कपाटासारखं उचलून आत न्यायचं नाही. माझी चाकं मी फिरवीन, नाहीतर इथेच बरा.”

मुलाने दार रुंद करायची परवानगी मागितली. नाही मिळाली तर रविवारी गवंडी आणून डावी बाजू फोडायची, हेही ठरवून टाकलं. डावी बाजू म्हणजे मी! माझं काय झालं असेल, विचार करा.

‘जैसे थे’ आले. दाराला हात लावायच्या आधी मूळ रंग तपासायचा, हा त्यांचा नियम. खिशातून पातं काढून ते मला खरवडू लागले. सून तडकली. “तुम्हाला रंगाचं पडलंय. इथे माणूस घराबाहेर बसलाय.”

साहेब खरवडतच राहिले. हिरवा निघाला, खाली तपकिरी, त्याखाली निळा. मग पातं खट्कन लोखंडावर अडलं. त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिलं.

“ताई, ही भिंत नाही. दार आहे.”

“काहीतरीच. लहानपणापासून मी हिला टेकून उभा राहतोय,” मुलगा म्हणाला.

“फोडायची परवानगी मी देणार नव्हतो,” साहेब पातं पुसत म्हणाले. “उघडायला ती लागत नाही.”

खिळे निघाले, छत्र्या उतरल्या. रविवारी गवंड्याऐवजी दादा आले. स्वतः चाकं फिरवत आले, माझ्यापाशी थांबले आणि मला हलकेच थोपटलं.

आता जरा वारा आला की मी उगाच आपटते. इतकी वर्षं गप्प बसले, आता स्वस्थ राहवत नाही. सून दम देते, परत खिळे मारीन म्हणून. नका हो मारू, एवढंच मागणं.

आणि ती जागा? दादांनी मला थोपटलं, ते मी रचलं. ते सरळ आत गेले, माझ्याकडे न बघता. घरी आलेला माणूस दाराकडे बघतो कुठे?