टाकीचं विरजण

"अरे दर्शन, मासे सगळे वर येऊन तोंडं वासतायत! एक तर सकाळीच गेला," दौलतराव फोनवर ओरडून सांगत होते. ओरडल्याशिवाय फोन पलीकडे पोचत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

दर्शनचं डोंबिवलीत शोभेच्या माशांचं दुकान होतं. दौलतरावांची बायको चित्रा ठाकुर्लीहून त्याच्याकडेच खाद्य आणायला जायची.

"काका, फिल्टर चालू आहे ना?"

"चालू म्हणजे? परवाच लखलखीत केलाय. आतला स्पंज साबण लावून नळाखाली धुतला."

"वाट लावलीत ना काका!"

वाट लावायला निमित्त झालं ते सुतकाचं. चित्राचं सुतक फिटलं त्या दिवशी टिटवाळ्याहून आलेल्या शेवंतीआक्काने, म्हणजे दौलतरावांच्या थोरल्या बहिणीने, सगळं घर धुवायला काढलं. पडदे, गोधड्या, देवाची भांडी, एवढंच काय, चपलासुद्धा तिच्या तावडीतून सुटल्या नाहीत. शेवटी तिची नजर हॉलमधल्या काचेच्या टाकीवर गेली.

"दौलत, हीपण सुतकातलीच ना रे? तो काळा बोळा काढ आतला. शी!"

हाताला काम मिळालं म्हणून दौलतरावांना बरंच वाटलं होतं. स्पंजाचा मूळ रंग दिसेपर्यंत त्यांनी तो घासला. चित्रा मात्र टाकीतलंच पाणी बादलीत काढायची आणि त्यात तो नुसता दाबून घ्यायची. "घाण धुवायची, तीही घाण पाण्यात!" असा शेरा मारून दौलतराव पेपरात डोकं घालायचे. टाकीशी त्यांचा संबंध तेवढाच.

"त्या काळ्यातच तर सगळी जान असते, काका," दर्शन सांगत होता. "माशांची घाण पचवणारे जंतू असतात त्यात. तेच तुम्ही धुऊन टाकले. आता साठवलेलं पाणी घेऊन थोडं पाणी बदला, आणि कोणाच्या तरी चालू टाकीतला जुना स्पंज मिळवा. विरजणासारखा लागतो तो. माझ्याकडचा नका नेऊ, इकडे माशांना रोग आलाय. बिल्डिंगमध्ये बघा ना कोणाकडे."

बिल्डिंगमध्ये कोणाकडे काय आहे, हे दौलतरावांना कुठे ठाऊक! लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे त्यांनी कधी कोणाची ओळख ठेवली नव्हती. नोकरीत वेळ नव्हता आणि निवृत्तीनंतर सवय नव्हती. पण हे मासे गेले, तर चित्राच्या हातचं जिवंत असं घरात काही उरणार नव्हतं. बादलीत भरून ठेवलेलं पाणी त्यांनी टाकीत घातलं, वॉचमनकडे चौकशी केली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मेघालीकडे टाकी आहे असं कळल्यावर तिची बेल वाजवली. विरजण मागायला निघावं तशी हातात वाटीसुद्धा घेतली होती.

मेघालीने दार उघडलं. वाटीकडे पाहून ती गोंधळली, पण सगळं ऐकल्यावर लगेच आत वळली. आपल्या टाकीतला स्पंज काढून तिने कात्रीने त्याचे दोन भाग केले आणि एक वाटीत ठेवला. काळाकुट्ट, बुळबुळीत.

"धुऊ नका हं काका, तसाच लावा. आणि संकोच कसला? तुमचाच आहे हा. आमची टाकी घेतली तेव्हा काकूंनीच त्यांच्यातला अर्धा दिलेला."

"चित्रा इथे यायची?"

"म्हणजे काय! दुपारची चहाला यायच्याच. खूप हसवायच्या. निघताना म्हणायच्या, चला, माझे मासे वाट बघत असतील. घरात बोलायला तेच तर आहेत..."

बोलून गेल्यावर मेघालीने जीभ चावली. "म्हणजे, मस्करी करायच्या हो त्या."

"हो, मस्करी करायची ती," दौलतराव म्हणाले. चित्राने आपल्याशी शेवटची मस्करी कधी केली होती, ते त्यांना काही केल्या आठवेना. जिना उतरताना त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरली होती.

घरी येऊन त्यांनी स्पंज तसाच फिल्टरमध्ये बसवला. पाणी थोडं गढूळ झालं. आणखी एक मासा गेला. तो त्यांनी तुळशीच्या कुंडीत पुरला आणि मग रडू आलं, ते मनसोक्त रडून घेतलं. संध्याकाळपर्यंत उरलेले दोन मासे वरून हलले आणि सावकाश खाली येऊन पोहायला लागले.

दौलतरावांनी खुर्ची टाकीजवळ ओढली. काहीतरी बोलायला हवं होतं. चित्रा या माशांशी काय बोलायची, कोणत्या नावाने हाक मारायची, त्यांना काहीच माहीत नव्हतं. ती टाकीपाशी बोलत असताना ते पेपरात डोकं घालून बसलेले असणार. एक मासा तोंड हलवत समोर आला.

दौलतरावांनी घसा खाकरला.

"मी दौलत," ते म्हणाले. "चित्राचा नवरा."