तांबूल

आमच्या लोकांत पगार ठरवत नाहीत. नात्यातल्या माणसाकडे कामाला लागलं की तो देईल ते घ्यायचं आणि सणाला त्याच्या घरून पेढे आले की खूष व्हायचं. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. म्हणून माझी सून हरिणी जेव्हा माझ्या मावसभावाच्या, बाळकृष्णरावाच्या छापखान्यात कामाला लागली, तेव्हा पैशाचं कोणीच काही बोललं नाही. तो हजार द्यायचा, ती घ्यायची.

ज्या वर्षी आमच्या गल्लीत केबल आलं, त्याच वर्षी बाळूनं छपाईचे शिशाचे खिळे विकून दोन कॉम्प्युटर आणले. लग्नपत्रिका आता त्यावर व्हायच्या. हरिणी ते शिकली, आणि मग प्रवीणकुमार नावाच्या पोराला तिनंच शिकवलं. पोरगा चांगला. चहा स्वतः आणायचा.

मग ती बाळंतपणाला ओरत्तनाडूला माहेरी गेली. मुलगी झाली, नंदिता. परत आली तोवर प्रवीणकुमारला बाराशे झाले होते. हरिणीला बाळू म्हणाला, "तुला आठशे देतो, बाळ. आता तू आई झालीस."

ती घरी आली आणि पोरीला झोळीत घालून हलवत बसली. झोका असा जोरात, की मीच धरला.

"आत्याबाई, मी घरी बसते."

"का गे?"

"काम तेच. उलट त्याच्या चुका मी सुधारायच्या. आणि आई झाले म्हणून कमी? त्यापेक्षा नकोच."

मला धसकाच बसला. माझा मुलगा मुरली औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी, विक्री झाली तर पैसे, नाही तर बूट झिजले एवढंच. पण खरं सांगायचं तर धसका पैशांचा नव्हता. ही पोरगी कामावरून यायची तेव्हा जिन्यातच तिचा आवाज ऐकू यायचा. घरी बसली तर तो आवाज कुठं जाईल, ते मला आमच्या गल्लीतल्या दारादारांत गप्प बसलेल्या बायकांत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बाळूकडे गेले. त्यानं कॉफी मागवली.

"ताराक्का, तू समजून घे. पोर रडलं की ही उठणार. ताप आला की राहणार. प्रवीणकुमारवर घर आहे."

"त्याचं लग्न कुठं झालंय रे?"

"होईल की!"

"म्हणजे न झालेल्या बायकोचा पगार तू आत्तापासून देतोस, आणि झालेल्या आईचा कापतोस?"

तो हसला. "तू बोलण्यात कधी हरलीस? जाताना नंदितासाठी चांदीची वाटी घेऊन जा, आणून ठेवलीय."

वाटी घेतली नाही. पण घरी येताना बसमध्ये एक गोष्ट डोक्यात आली. हा बाळू आमच्या लोकांतली निम्मी लग्नं ठरवतो. पाहुणे बसलेले, तबकात विडा, सुपारी, हळकुंड, नारळ. अटी मोठ्यानं बोलायच्या आणि तबक हातात घ्यायचं, की तांबूल झालं. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याला बाळू पुन्हा दारात उभा करत नाही. एकदा वरपक्षानं तांबूल घेतल्यावर स्कूटर मागितली, तर ह्यानं त्यांना भर मांडवात उठवलं होतं. असा हा माणूस. सरकारी कायदा एखादवेळ मोडेल, तांबूल मोडणार नाही.

शुक्रवारी मी पितळी तबक घासलं.

"हे काय?" हरिणीनं विचारलं.

"पोरीला काखेत घे आणि चल."

तमिळ थै महिना होता, लग्नांची घाई. छापखान्यात गुरुमूर्ती म्हणून एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेचा नमुना बघायला बसले होते. तबक बघताच बाळू उठला, चपला काढल्या, दोन्ही हात पुढे केले. त्याला वाटलं, कसलं तरी आमंत्रण.

मी तबक सोडलं नाही.

"आधी ठरू दे."

"काय ठरू दे?"

"हरिणीचा पगार. मी मुलीकडची. बोल."

कॉम्प्युटरची टकटक थांबली. बाळूचे हात तबकाला लागलेले होते. आता काढून घ्यायचे म्हणजे आलेलं तांबूल झिडकारलं असं होणार. आणि समोर तर गिऱ्हाईक! हरिणीचा चेहरा पडला. "आत्याबाई, चला ना घरी," ती पुटपुटली.

"ताराक्का, हे काय लग्न आहे?"

"लग्नापेक्षा जास्त. नवरा निदान रविवारी घरी दिसतो."

गुरुमूर्तींना मराठी येत नव्हतं, पण तबक कळत होतं. काय चाललंय ते त्यांनी तमिळमध्ये विचारलं. मी सांगितलं. ते खुर्ची ओढून जवळ आले. "माझी मुलगी शाळेत शिकवते. लग्नानंतर पगार कमी करू म्हणतात," ते म्हणाले. "बोला राव, मी साक्षीदार."

बाळूनं मान खाजवावी म्हटलं तर हात अडकलेले.

"अकराशे."

मी तबकावर पदर टाकला. "जमत नाही. उठतो आम्ही."

"अगं थांब! पोर आजारी पडलं तर?"

"तर मी आहे. तिचा बाप आहे. मागच्या महिन्यात प्रवीणकुमार तापानं घरी होता, त्याचे किती कापलेस?"

प्रवीणकुमारनं कॉम्प्युटरच्या पडद्यामागून डोकं काढलं. "मामा, माझे कमी करू नका म्हणजे झालं. तिचे वाढवा."

गुरुमूर्ती मोठ्यानं हसले, मग बाळूही. हसता हसता त्याचे खांदे खाली आले, आणि तेव्हा मला कळलं की माझेही कानापर्यंत चढले होते.

"बाराशे," तो म्हणाला. "त्याच्याइतकेच."

"आणि पोरीला पाजायला मी आणली तर घड्याळ बघायचं नाही."

"नाही बघणार."

"मोठ्यानं."

"नाही बघणार, बाई! आता सोड, नारळ घरंगळतोय."

मी सोडलं. त्यानं तबक कपाळाला लावलं, आणि खरं सांगते, चिडलेला दिसत नव्हता. कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखा दिसत होता. विडा उचलून त्यानं हरिणीच्या हातात दिला. "बस कामाला. ह्यांच्या पत्रिकेत मुहूर्तच राहिलाय."

तिनं पोर माझ्याकडे दिलं आणि बसली. मी बाहेर पायरीवर टेकले. त्यानं नाही म्हटलं असतं तर पुढं काय, याचा विचार मी केलाच नव्हता. नारळ घेऊन परत यायचं, एवढंच. नंदिता खांद्यावर लाळ गाळत गाढ झोपली होती.

खिडकीतून हरिणीचा आवाज आला. आधी प्रवीणकुमारवर: "अरे, वधूचं नाव वराच्या जागी कसं घातलंस?" मग माझ्यावर: "आत्याबाई, दुपारी उशीर करू नका, तिला भूक लागते!"

"येते हो, साहेब," मी म्हटलं, आणि बसची वाट न बघता चालतच घरी निघाले.