जैतूबुवाचं पिवळं पाणी

मुरबाडहून आलेल्या जीप पाड्याशी रिकाम्या होत होत्या आणि जैतूबुवाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बुवा रोग्याच्या हातांना काढा चोळी, मग परातीतल्या चुन्याच्या निवळीत ते धुवायला लावी. स्वच्छ पाणी बघता बघता पिवळं होई.

"विख निघालं! आता लोखंड लावलं तं मेलाच समजा!" बुवा गरजे. लोखंड म्हणजे डॉक्टरची सुरी. कावीळ असो की गाठ, बुवाकडे सगळ्याला एकच परात!

त्या गर्दीत प्रेमाही होती. तिच्या नवऱ्याच्या, पंढरीच्या यकृतात कॅन्सरची गाठ होती आणि सोमवारी ऑपरेशन होतं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासला होता. "जनुकांवर बारीक खुणा असतात, त्यांवरून कुठलं जनूक चालू, कुठलं बंद ते कळतं. गाठ परत येईल का, याचा अंदाज त्यावरून बांधायला आम्ही अजून शिकतोय. यांना धोका जास्त दिसतो. पण अंदाज म्हणजे विधिलिखित नव्हे. आत्ता काढली तर संधी आहे."

पंढरीने त्यातला धोका तेवढा ऐकला. बुवा तर खात्री देत होता! "मी सुरीखाली जानार नाय," त्याने सांगून टाकलं.

"नेलास आन् मेला, तं तूच मारलास त्याला," सासूने बजावलं.

नेलं नाही तर मरण ठरलेलंच. इकडे आड, तिकडे विहीर.

पंढरीचंही पाणी पिवळं झालं. त्याला अंगणातच बसवून, बाहेर परतीच्या जीपची वाट बघताना प्रेमाने सवयीने तंबाखू मळायला तळहातावर चुना घेतला. चुना पिवळा झाला. मलाबी कावीळ? मग आठवलं, बुवा काढा चोळत असताना पंढरीचे हात तिनेच धरले होते. तिने तळहात हुंगला. सरपणाला आंब्याचं लाकूड फोडताना येतो तोच तुरट वास!

ती तरातरा अंगणात परतली. रांगेतल्या एका बारक्या पोरीचे डोळे काविळीने पिवळेजर्द होते, पण हातांना अजून काढा लागला नव्हता. प्रेमाने ते हात ताज्या निवळीत बुडवले. पाणी होतं तसंच राहिलं. मग तिने काढा चोळणाऱ्या बुवाचं मनगट धरून हात त्याच परातीत दाबला. पाणी पिवळंधमक!

"बुवा, तुमालाबी कावीळ?"

अंगण खदखदून हसलं. पंढरी हसला नाही.

"मंग माजं विख?"

"हाय तितंच," प्रेमा म्हणाली. तिला रडू फुटलं. "सोमवारी जाऊ."

"परत आली तं गाठ?"

"तवा परत जाऊ."

पंढरीने परात बाजूला सारली. मग उठायला तिच्यापुढे हात केला.

बुवाचा काढा म्हणजे आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस; त्याला चुना लागला की पिवळा रंग येतो. रोग्याच्या हातावर येतो, तसा बुवाच्याही. त्यात दैवी काही नाही. डॉक्टरांचं 'कदाचित' ऐकायला जड जातं, पण ते तपासून आलेलं असतं. तुमच्या दारात कोणी खात्री घेऊन आला, तर आधी त्यालाच हात धुवायला लावा.