मामाजींचं जाळं जवाहरनगरला

आमच्या घरात काही हरवलं, सांडलं, करपलं की खापर माझ्याच डोक्यावर फुटतं. मांजराने दूध प्यायलं तरी डिंपलचं लक्ष कुठे होतं, असं विचारतात. त्यामुळे मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं जाळं परक्याच्या घरी गेलं आणि ते माझ्या सासूने आपल्या हाताने दिलं, हे कळल्यावर पहिल्या क्षणी मला चक्क बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग मी सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते बरं वाटणं तिथल्या तिथे संपलं.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, नाकाडोंगरीच्या अलीकडे, एका अंगाला जंगल आणि एका अंगाला तलाव. आम्ही ढिवर. माझा नवरा मुरारी तलावात मासे धरतो, पण नायलॉनच्या जाळ्याने, जसे आता सगळेच धरतात. सुताचं, गोल, फेकायचं जाळं हाताने विणणारं गावात एकच माणूस उरलंय, माझी सासू रेवताबाई. तिची जाळी पडून राहायची. एक दिवस मी त्यातल्या एकाचा फोटो काढून मोबाईलवर विकायला टाकला. शहरातले लोक खोलीत टांगायला घेतात असली वस्तू. गावाने हसून घेतलं. मासे नाही तर जाळं कशाला, म्हणे. आता तेच लोक गुपचूप येऊन विचारतात, आमच्या घरच्या सुपाचा फोटो टाकशील का.

मामाजींचं नाव लिलाधर. मागच्या वर्षी मोहाची फुलं टपकत होती त्या दिवसांत तापाने गेले. त्यांनी जन्मभर सुताचंच जाळं वापरलं, नायलॉनला हात लावला नाही. आमच्या घरात एक रीत आहे. माणूस गेला की त्याचं जाळं वर्षभर पाण्यात उतरवायचं नाही. वर्षाच्या दिवशी मुलाने ते एकदाच तलावात फेकायचं, मग माणूस पाण्यातून मोकळा होतो. तोवर तो पाण्यात उभा असतो.

आम्ही हे ऐकतो आणि आपापल्या कामाला लागतो. सासूचं तसं नव्हतं. रोज दुपारी ती अंगणातल्या मोहाखाली जाळ्याची घडी उशाला घेऊन पडायची आणि झोपेत तिला मामाजी दिसायचे, कमरेएवढ्या पाण्यात. उठल्यावर मला बातमी द्यावी तशी सांगायची, आज शिंगाड्याच्या वेलांकडे होता, आज पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, जवळ आला होता. सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. नंतर मीही भांडी घासता घासता विचारू लागले, आज कुठे होते म्हणून. कोणाचा नवरा कामाला नागपूरला असतो, कोणाचा सुरतेला. माझ्या सासूचा पाण्यात होता आणि रोज दुपारी भेटत होता.

वर्षाचा दिवस जवळ आला तसं तिने जाळं तयार करायला घेतलं. सुताचं जाळं कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढतात. सासू काटकसरीची. चूल पेटलीच आहे, हंडा उकळलाच आहे, तर एका बाईने मागवलेलं नवं जाळंही तिने त्याच हंड्यात सोडलं. दोन्ही सारखीच तांबूस होऊन निघाली आणि एकाच दोरीवर वाळत पडली. नवं-जुनं काही कळेना. इतक्यात पार्सलवाला दारात येऊन हॉर्न वाजवू लागला. मी आतून ओरडले, आत्याबाई, जाळं द्या लवकर. तिने घडी घालून दिलं, मी खोक्यात भरलं, टेप लावली, वर जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरचा पत्ता चिकटवला आणि पाठवून दिलं.

दुसरं जाळं आणखी चार दिवस दोरीवरच वाळत राहिलं. मग एका दुपारी ती ते उशाला घेऊन नेहमीसारखी पडली. थोड्याच वेळात उठून बसली. जाळं मांडीवर घेऊन हाताने चाचपत राहिली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली,

"डिंपल, ह्या जाळ्यात कोनीच नाही."

मी ॲपच्या कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं. शेवटी एक मुलगी बोलली. माल पोचला असेल तर पाठवणाऱ्याला तो परत मागता येत नाही, परत करायचा हक्क घेणाऱ्याचाच, असं तिने गोड आवाजात सांगितलं. आणि घेणारीने तर पोचल्या पोचल्या पाच तारे देऊन टाकले होते. प्रतिक्षा नाव. खाली लिहिलं होतं, फोटोपेक्षा सुंदर. मला त्या ताऱ्यांचा इतका राग आला की सांगायची सोय नाही.

मुरारी म्हणाला, त्यात काय एवढं. लिही की रंगात खराबी निघाली, अंगाला खाज सुटते, तातडीने परत पाठवा. बाई घाबरून उद्याच पाठवेल. मला पटलं. मी तसं लिहिलंही, दोनदा वाचलं, चांगलं भीतीदायक झालं होतं. सासूला वाचून दाखवलं. ती मोहाची फुलं निवडत होती, मान वर न करता म्हणाली,

"खोटं बोलून आनलेलं जाळं पान्यात कसं टाकाचं?"

यावर मुरारी बाहेर निघून गेला. मी सगळं पुसलं आणि खरं होतं ते लिहिलं. चूक आमची आहे. हे जाळं माझ्या सासऱ्यांचं आहे, ते आता नाहीत, वर्षाच्या दिवशी ते पाण्यात टाकायचं असतं. तुमचं नवं जाळं घरी तयार आहे, ते पाठवते. परत करायची तुमच्यावर सक्ती नाही, पण केलंत तर फार उपकार होतील. कोणापुढे एवढी नरमाई मी आयुष्यात दाखवली नव्हती.

बाईने वाचलं. दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सासू दुपारी मोहाखाली पडायची, डोळे मिटायची, पण तिकडून काही येत नव्हतं. नुसती टपटप फुलं पडायची. बातमी बंद झाली. ती तक्रार करत नव्हती, तेच मला सहन होईना. भांडण करणाऱ्या माणसाशी मला राहता येतं, गप्प बसणाऱ्याशी नाही. मी मनातल्या मनात त्या प्रतिक्षाला नाही नाही ते बोलून घेतलं. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये पंख्याखाली बसलेली असेल, पायावर पाय टाकून, आणि इथे माझी म्हातारी झुरते आहे.

वर्षाचा दिवस अगदी तोंडावर आला तेव्हा तिचं उत्तर आलं. मी चुलीपुढे उभी राहून वाचलं आणि भाजी करपली.

तिने लिहिलं होतं की उत्तर द्यायला उशीर केला, कारण जाळं द्यायचं तिच्या मनात नव्हतं. नवरा फॅक्टरीत कामाला, ती स्वतः भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून आलं की दिवसा झोप येत नाही, कितीतरी महिने आली नव्हती. जाळं सहज हौस म्हणून पलंगावर टांगलं, आणि त्या दिवसापासून त्याच्याखाली गाढ झोप लागते. पुढे होतं, आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून भूतखेत, अंगात येणं, स्वप्नाचे अर्थ, सगळं बंद आहे आणि मीही काही मानत नाही. पण ताई, झोपेत मला रोज एक माणूस दिसतो, पाण्यात उभा असलेला. डोक्याला पांढरा दुपट्टा. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. तुम्ही जाळं सासऱ्यांचं म्हणालात म्हणून विचारते.

मी तिला दुपट्ट्याचं लिहिलं नव्हतं, खांद्याचंही नाही. मामाजींचा डावा खांदा उतरलेला होता, जन्मभर त्याच खांद्यावर ओलं जाळं वाहिल्यामुळे. त्यांचा फोटो कुठे मोबाईलवर नाही. मुळात त्यांचा फोटोच एक, तोही लग्नातला, खांदे सरळ असतानाचा.

सासूला सांगू की नको असं झालं. मग सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं आता रडेल. पण तिने नाक मुरडलं.

"जितेपनी मले कदी भंडारा दाखवला नाही. आता स्वतः जवाहरनगर फिरून राहिला."

मला हसू आवरेना आणि तीही हसली, पण लगेच पदर डोळ्यांना लावला. तिला तो दिसायचा बंद झाला होता आणि दुसऱ्या बाईला दिसत होता. याचं काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. मी उत्तरात एवढंच लिहिलं, होय, तेच.

कुरिअरने वेळेत पोचणार नाही म्हणून प्रतिक्षा स्वतःच निघाली. रात्रपाळी संपवून तशीच भंडाऱ्याहून तुमसरच्या बसमध्ये बसली, तिथून दुसरी बस. मी मनात रंगवली होती तशी ती मुळीच नव्हती. बारीक, सावळी, डोळ्यांखाली काळं आणि चालणं असं की पाय जमिनीला लागतात की नाही. जाळं तिने खोक्यात घातलं नव्हतं. जुन्या सुती साडीत गुंडाळून पूर्ण वाट मांडीवर ठेवून आणलं होतं. मी मनात दिलेल्या सगळ्या शिव्या गिळल्या आणि चहा टाकला. नवं जाळं तिच्यापुढे ठेवलं. तिने त्यावरून हात फिरवला, छान आहे म्हणाली. याच्याखाली झोप लागेल का, मी विचारलं. तिने खरं तेच सांगितलं, माहीत नाही.

दुपार कलल्यावर आम्ही तलावावर गेलो. मोहाचा वास सगळीकडे भरून राहिला होता, डोकं जड करणारा. पलीकडचं जंगल धुरकट झालं होतं, कुठे पाणी संपतं आणि कुठे झाडं सुरू होतात ते दिसत नव्हतं. लांबून खाणीच्या ट्रकचा आवाज यायचा आणि विरून जायचा. मुरारी डोक्याला दुपट्टा बांधून पाण्यात उतरला, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला आणि जाळं खांद्यावर घेऊन सारखं करू लागला. पाठमोरा तो मला क्षणभर ओळखू आला नाही. माझ्या शेजारी प्रतिक्षाने श्वास आत घेतला तो मला ऐकू आला.

सासू पाळीवर बसली होती. तिने प्रतिक्षाला जवळ बसवलं आणि तिचं मनगट धरलं. नाडी पाहणं नर्सचं काम, पण इथे उलटंच चाललं होतं.

"पोरी, खरं सांगजो. माह्याबद्दल काही बोलला का तो?"

मी सासूच्या मागे उभी होते. मी प्रतिक्षाला डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, हातानेही दाखवलं. म्हण काहीतरी. आठवण काढली म्हण, नाव घेतलं म्हण, तुझं काय जातंय? पुन्हा कधी या गावात येणार आहेस तू? म्हातारीला एवढं दिलंस तर उरलेले दिवस सुखाने जातील तिचे. प्रतिक्षाने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. मग तिने पाण्याकडे पाहिलं.

"नाही मावशी," ती म्हणाली. "एक शब्द नाही बोलले. तुमचं नाव नाही घेतलं, कोणाचंच नाही. तोंडात जाळ्याची कड धरली होती आणि नुसते पाण्याकडं पाहून राहिले होते."

मी डोळे मिटून घेतले. एवढं खरं बोलायची काय गरज होती, असं मनात आलं आणि तिचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

सासूने तिचं मनगट सोडलं नाही. उलट दुसरा हातही त्यावर ठेवला. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा मोकळा झाला होता.

"काठावर असला का दिवसभर बडबड करे," ती म्हणाली. "पान्यात उतरला का मुका. मी काठावरून आवाज देऊ, भाकर आनली म्हनून सांगू, तरी पाहे नाही. वर्षभर मले भेव वाटे, हे माह्याच मनाचे खेळ तं नाही? तू म्हनली असती का त्यानं माही आठवन काढली, तं मले कळलं असतं का तो कोठीच नाही. तोच होय. तोच होय वो बाई."

मग तिने मुरारीला हात केला. मुरारीने जाळ्याची कड दातांत धरली, अंग वळवलं आणि जाळं फेकलं. ते हवेत गोल उघडलं आणि पाण्यावर पडलं. आम्ही तिघी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.